बनुबाईंच्या चुलीतला निखारा

तीर्थरूप आईस,

तुझ्या निवूचा नमस्कार. इथे डोंगरात फोन लागत नाही म्हणून लिहिते आहे. तब्येत बरी आहे. अण्णांचा खोकला थांबला का?

गावातली माणसं कशी आहेत, असं तू विचारलं होतंस.

परवा इथे चूल न पेटवण्याचा दिवस होता. सगळे शिळी भाकरी खातात. मला ठाऊक नव्हतं. मी कुकर लावला, शिट्टी गावभर गेली. शेजारच्या बनुबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा गॅस बंद केला.

मग त्यांनी सांगितलं. गावातले कोळी इंग्रजांशी लढत होते, तेव्हा बायकापोरांसह समोरच्या कड्यात लपले होते. एका बाईने तापलेल्या लेकरासाठी पेज शिजवायला घेतली. धूर बघून पलटण वर चढली. बरीच माणसं मारली गेली. तोच हा दिवस.

"कोण होती ती?" मी विचारलं.

"माजी खापरपणजी," बनुबाई म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी गावातली पहिली चूल बनुबाईंच्याच घरी पेटते. ज्यांच्या घरची माणसं तेव्हा मारली गेली, तेही विस्तव तिथूनच नेतात. पहिल्यापासून तसंच आहे म्हणे.

काल मी लाजेने गेले नाही. बनुबाईच खापरात निखारा घेऊन आल्या. माझ्याकडे चूल नाही, म्हणून अंगणात तीन दगड मांडून चहा केला. धूर कड्यापर्यंत गेला. आम्ही दोघी बघत बसलो.

अण्णांना सांग, माझी इथून बदली व्हावी म्हणून आता कुणाला भेटू नका.

तुझी,
निवेदिता