अक्काच्या वाटणीची वीज

१४ एप्रिल
सकाळी वळसंगहून अक्काचा फोन. काल वळिवात शेजारच्या महादेवीच्या नारळावर वीज पडली. शेंडा अजून धुमसतोय. मधे एक कुंपण, तेही नावाला.
"तू कुठं होतीस?"
"कुठं असणार? आतल्या खोलीत. खिडक्या लावून, गोधडीत."
थोरली बहीण, साठी उलटलेली, पण आभाळ वाजलं की गोधडीत. कारण अक्का पायाळू. जन्मताना पाय आधी, म्हणून वीज तिच्या मागावर, ही आमच्या आईची ठाम समजूत. भावोजी शाळामास्तर, त्यांनी जन्मभर समजावून पाहिलं. आईपुढं मास्तर काय टिकणार. आता तेही नाहीत.
आमच्या पेपरात बातमी दिली. डेस्कनं दोन ओळींत बसवली. एका नारळाला याहून जास्त जागा कोण देणार.

१७ एप्रिल
वळसंगला जाऊन आलो. महादेवी कुंपणावरून, हसत हसत: "तुमची अक्का पायाळू हाय की! तिलाच हुडकत आल्ती वीज. वाट चुकली, माज्या नारळावर बसली."
थट्टाच होती. अक्का हसली नाही. आत आल्यावर म्हणाली, "माझ्यापायी लोकांची झाडं जळायला लागली. उद्या कुणाचं माणूस..." घर बंद करून सोलापूरला येते म्हणते.
हे नको. भावोजींनी हौसेनं बांधलेलं घर, तिची जाई, तिची महादेवी. आमच्या नवी पेठेमागच्या दोन खोल्यांत ती आठवड्यात कोमेजेल. (सौ.: "आपणही.")
परतताना एसटीत ठरवलं, घरावर तडितरक्षक बसवायचा. संस्कृत पाठशाळेत विजेची नावं घोकली होती: सौदामिनी, चपला, क्षणप्रभा... सगळी तिच्या रूपाची. अडवायची कशी, यावर गुरुजींचं मौन.

२५ एप्रिल
दांडा बसला. रफिकनं बसवला. आमच्या ऑफिसचं वायरिंग त्याच्याचकडं असतं. गच्चीवर तांब्याचा दांडा, मागच्या भिंतीवरून खाली पट्टी, पट्टीचं टोक परसात खड्ड्यात पुरलेलं. खड्ड्यात कोळसा, मीठ, माती.
रफिक: "अक्का, उन्हाळ्यात खड्ड्यात पानी टाकत रहायचं. माती सुकली तर काम नै करती."
अक्का, शंकेनं: "म्हणजे वीज येणार ती येणारच?"
आली तर दांड्यावर येईल, पट्टीतून जमिनीत जाईल, घराला धक्का नाही, असं सांगायचं होतं. सांगितलं काय? "तुझ्या वाटणीची वीज आता हा पिणार. तू सुटलीस."
रफिक पुढं म्हणाला, कडकडाट सुरू झाला की पट्टीजवळ कुणी जायचं नाही. मी म्हटलं, "अरे, ही गोधडीबाहेर येत नाही, पट्टीजवळ कसली जातेय!"
सगळे हसले. अक्कासुद्धा. लई दिवसांनी.
निघताना पाहिलं, खड्ड्याच्या झाकणाला हळदकुंकू. घरात नवी वस्तू आली की तिचं असतंच. कुकरलाही लावलं होतं.

३ मे
फोनवर अक्काचा आवाज लहान मुलीसारखा. काल ढग आले, विजा झाल्या आणि ही उंबऱ्यात बसून ज्वारी निवडत होती! "गोधडी घेतलीच नाही रे! महादेवी बघतच राहिली." दांड्याला रोज तांब्याभर पाणी घालते म्हणाली. "राबतोय ना माझ्यासाठी."
ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. चहा पाजला. आयुष्यात एक गोष्ट तरी निस्तरली.

९ मे
घाईत. महादेवीचा फोन. घरावर वीज पडली. अक्का बेशुद्ध. जीप करून इकडंच आणतायत.

१० मे
शुद्धीवर आहे. डाव्या कानाचा पडदा फाटला, उजव्यानंही ऐकू येत नाही. उजव्या हाताला मुंग्या. डॉक्टर म्हणतात, वाचली हेच खूप, कानांचं बघू.
महादेवी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून होती. तिनं सांगितलं ते तसंच लिहून ठेवतो.
"आभाळ लई वाजत हुतं. ही तांब्या घिऊन परसात निगाली. मी वरडले, अक्का, आत जा की! तर म्हनाली, आज त्याला खरं पानी पायजे, आज त्याचं काम हाय."


१२ मे
रफिक वळसंगला जाऊन आला. घराला ओरखडा नाही. पंखा चालू, टीव्ही चालू. सांगताना आधी जरा अभिमानानं बोलत होता, मग माझं तोंड बघून चहा न घेताच निघाला.
आईची समजूत खुळी, पण अक्का घरात राहिली. मी भीती काढली ती चेष्टेनं. शास्त्र सांगायला बसलो असतो तर तिला कंटाळा आला असता, पण आत राहिली असती. गोष्ट सांगितली आणि तिनं ती शब्दशः पाळली. तहान लागलेल्याला पाणी देणार नाही तर काय करील ती.
आणि रफिकचं ते पट्टीजवळ न जायचं वाक्य मी...

१९ मे
घरी आणली. आमच्या दोन खोल्यांत. मी पाटीवर लिहितो, ती मोठ्यांदा उत्तर देते, वाड्यातल्या सगळ्यांना कळतं. लिहिलं, "माझं चुकलं." तिनं वाचलं, पुसलं, म्हणाली, "काय उजेड होता रे! जांभळा! एवढी वर्षं हे बघायचं राहिलं."
रागावली असती तर बरं झालं असतं.

११ जून
उजवा कान थोडा उघडलाय, जवळून बोललं तर. डावा नाही. रोज एकच: वळसंगला सोड. "माझं घर आहे ना तिथं? वीज येऊन गेली की आता. माझं देणं फिटलं. परत कशाला येईल?"
हे नवीन. वीज त्याच जागी पुन्हा येऊ शकते, असं सांगितलं तर परत गोधडी. न सांगितलं तर परत परस. सौ. म्हणते, "या खेपेला विनोद नको, एवढं करा." सकाळपासून पाटी कोरीच.
संध्याकाळी दक्षिणेला आभाळ भरून आलं. अक्का गॅलरीच्या दारात. लांब वीज लवली, हिचा चेहरा उजळला. गडगडाट मागाहून आला, चांगला मोठा. सौ. दचकली. अक्का नाही.
माझ्याकडं वळून विचारलं, "वाजलं का रे?"
एक पाय बाहेर होता.