मुठीतल्या अक्षता

निपाणी, रविवार, १४ मे १९७८

आज सुरेशच्या लग्नात फोटो मी काढले. पहिल्यांदाच, मामाचा कॅमेरा मागून आणून. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट खाली गेला आणि मी काय केलं? सगळ्यांसारख्या अक्षता टाकल्या. कॅमेरा गळ्यात लोंबत राहिला. आक्कानं मुठीत अक्षता दिल्या तेव्हाच नको म्हणायचं होतं. पण दोस्ताच्या लग्नात अक्षता नको म्हणतं का कोण?

जेवताना सुरेश म्हणाला, "अंतरपाट सरला तवाचा फोटो घेतलास न्हवं रं? तिला तवाच नीट बघितलं मी."

"व्हय," म्हणालो. खोटं.

उद्या रोल धुवायला टाकायचाय. सुरेशचा तेव्हाचा चेहरा मला अजून लख्ख दिसतोय. तो कुठं धुवायला टाकू?