चिडतो की चिडते

चि. गोट्यास,

ताईचे भरभरून आशीर्वाद. (साठी उलटलेल्या माणसाला गोट्या म्हणू नये, असं तुझ्या बायकोचं म्हणणं. तिला सांग, नाव मी ठेवलंय, बदलायचं तर मीच बदलेन.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणजे फाटकापर्यंत जाऊन वर्तमानपत्र आणणं नव्हे. माझी तब्येत ठणठणीत आहे.

मागच्या पत्रात तू लिहिलंस की, लेकीला वसतिगृहातच ठेवतो, ताईच्या तोंडी दिली तर पहिल्या परीक्षेआधीच तिची शंभरी भरेल. माझ्या घरातून तिच्या कॉलेजची घंटा ऐकू येते, आणि पोरीने राहायचं कुठे, तर चौघींत एक कपाट वाटून घेत. मी ते वाक्य गिळलं. पण त्याच आठवड्यात त्याच कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक निवृत्त मंडळींच्या रागाचा अभ्यास करताहेत असं कळलं. म्हटलं, शास्त्राचाच दाखला आणून याच्या तोंडावर मारू. दिलं नाव.

प्राध्यापकांनी (वय बेताचं, चष्मा मोठा) छापील प्रश्नावली हातात ठेवली. 'मी क्षुल्लक कारणावरून चिडतो.' 'मी रागाच्या भरात दार आपटतो.' पुढे चौकोन: नेहमी, कधी कधी, कधीच नाही. आता आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी छडीच्या टोकाने शिकवलेलं की विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यावं, आणि इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीवर नोकरीभर मी तेच केलं. मी जन्मात कधी चिडतो? मी चिडते. दार मी आपटतो? छे, आपटते. सगळीकडे 'कधीच नाही'वर खूण केली आणि निर्मळ मनाने घरी आले. शेजारच्या खुर्चीवर माझी शाळूसोबतीण होती, तिनेही तेच केलं, आणि मागच्या रांगेतल्या आमच्याच शाळेच्या बायकांनीही. (कॉपी नव्हे, संस्कार.) पंधरवड्याने पुन्हा बोलावून तीच प्रश्नावली दिली, आम्ही पुन्हा तीच उत्तरं दिली.

मग निकालाची सभा. निवृत्त बायका पुरुषांपेक्षा कमालीच्या शांत निघाल्या, असं प्राध्यापकांनी जाहीर केलं आणि सर्वांत शांत बायकांच्या वतीने मला उभं केलं. टाळ्या झाल्या. गोट्या, खोटं कशाला बोलू, त्या टाळ्या मी घेतल्या. तुला पाठवायचं पत्रही मनात लिहून झालं. पण पुढे ते म्हणाले, त्यामुळे राग आवरण्याचा वर्ग फक्त पुरुषांसाठी ठेवू. शेजारी माझी शाळूसोबतीण बसलेली, जिने त्याच सकाळी जावयाचा मोबाइल बादलीत बुडवला होता. तिला त्या वर्गाची नितांत गरज. मला गप्प बसवेना.

"सर, तुमच्या प्रश्नातला माणूस पुरुष आहे," मी म्हटलं.

"आजी, तसं लिहायची पद्धतच असते." (आजी.) "आणि तुमची उत्तरं दोन्ही वेळा तंतोतंत जुळली आहेत. चाचणी अगदी विश्वसनीय आहे."

"आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा काटा दर खेपेला पन्नास ग्रॅम जास्तच दाखवतो. इतका विश्वसनीय काटा शोधून सापडायचा नाही. तुम्ही आमचा राग मोजलात की व्याकरण, तेवढं सांगा."

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, आणि (हे मात्र त्यांच्या पदरात टाकते) सगळ्यांसमोर कबूल केलं की याला त्यांच्या शास्त्रात यथार्थता म्हणतात, म्हणजे जे मोजतो म्हणतो तेच मोजलं जातंय ना, आणि नेमकी तीच हातची गेली. मग मला बसवून अख्खी प्रश्नावली दुरुस्त करून घेतली. मी आणखी एक सांगितलं. रागीट माणसाला त्याच्या रागाबद्दल विचारणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणं. घरच्यांना विचारा. तेही पटलं. आता मला दाखवल्याशिवाय एक ओळ बदलत नाहीत आणि अहवालात माझे आभार छापणार आहेत. हे तुझ्या बायकोला सावकाश, दोनदा वाचून दाखव.

लेकीला पापा. लोभ आहेच, तो मोजायला कुणी येऊ नये.

तुझी,
ताई

ता. क. सोबत एक छापील कागद आहे, 'आपल्या बहिणीच्या रागाविषयी'. जवळच्या नातेवाइकाने भरायचा. नियम माझाच, त्यामुळे मला पळवाट नाही. खरं तेच लिही. 'ती दार आपटते' याच्यापुढे 'नेहमी' लिहिलंस तरी मी काही म्हणणार नाही. (पाकीट थेट प्राध्यापकांच्या पत्त्यावर धाड. माझ्या हातात द्यायचं नाही, अशी अट त्यांनी घातली आहे.)

आणखी एक. 'चिडते'वाल्या नव्या प्रश्नावलीत माझा आकडा सगळ्यांच्या वर आला. शाळूसोबतीण दुसरी. (शाळेत कायम तीच पहिली असायची.) तेव्हा शांत स्वभावाचा दाखला दाखवून तुझी लेक मागता येणार नाही, हे मला कळतं. पण मी किती चिडते एवढंच त्यात विचारलंय, कुणासाठी चिडते हे कुठेच नाही. तुझं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं त्या दिवशी मोठे डॉक्टर भरल्या ताटावरून उठून धावत आले, ते काही माझ्या गोड बोलण्याने नव्हे. तो प्रश्न पुढच्या छपाईत मी घालणारच आहे. तोवर पोरीला पाठव. खिडकीकडची खोली झाडून ठेवली आहे आणि दाराच्या चौकटीला रबर बसवून घेतलंय. आता आवाज होत नाही. काल दोनदा आपटून पाहिलं.