ड्रमांची जागा

शगुफ्ता,

माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस, पण हे वाच. आपल्या तिसऱ्या माळ्यावर पाणी चढलं! प्लंबर लवूने जुना पाइप कापला, तर आत गंज इतका की पेन्सिलही जाईना. नव्या पाइपाने बादली चार मिनिटांत भरली. मी उगाचच तीनदा नळ सोडून बघितला.

पाणी साठवायचे तिन्ही ड्रम रिकामे करून गच्चीवर टाकले. खिडकीखाली सव्वासहा फूट जागा निघाली. दादीची खाट अगदी बरोबर बसते, मी दोनदा मोजलं!

खालचा पंप चालू असताना इस्त्री लावू नकोस, सगळ्या बिल्डिंगचा फ्यूज उडतो. बांगड्याचं सार झाकून ठेवलंय.

मी दोनच्या एस.टी.ने देवरूखला तुझ्या फुफूकडे जातेय, दादीला आणायला. "इथे ड्रम आहेत, तुमची खाट कुठे टाकू?" असं मीच त्यांना म्हटलं होतं. खाट ड्रमांमुळे अडली नव्हती, हे तुला तेव्हाच कळलं. त्यांनाही कळलं असणार. आज ते मी स्वतः त्यांच्यासमोर बोलणार आहे.

त्या येतीलच असं नाही. तरी तो कोपरा पुसून घे, आणि तिथे काही ठेवू नकोस. तुझी सॅकसुद्धा.

अम्मी