एडगरच्या विजयाची वीस कडवी

२ मार्च १९०८
ऑल्डरबेकचे खासदार वारले, पोटनिवडणूक लागली. लिबरलांतर्फे उभा कोण, तर एडगर थ्वेट. माझा विद्यार्थी. कविता म्हणताना त्याचा गळा दाटून यायचा. (हॅना, माझी बहीण, म्हणते, त्याला गालगुंड झालं होतं.)
संकल्प: घरोघर प्रचार. वीस कडव्यांचं विजयकाव्य, निकालादिवशी टाउन हॉलच्या सज्जातून वाचायला. आणि मतदानाला पहिलं मत माझं, सकाळी आठला.

५ मार्च
गिरणीगल्लीत अकरा घरं केली. सगळे जुने विद्यार्थी. प्रत्येकाला दारातच शाळेतली कविता म्हणायला लावली. बर्ट ऑकरॉइड दुसऱ्या ओळीला अडला, पुन्हा पहिल्यापासून. आतून त्याची बायको म्हणाली, मास्तर, त्याचं जेवण गार होतंय. सगळे 'होय मास्तर' म्हणाले. अकरा मतं खिशात.

७ मार्च
ऑकरॉइडच्या खिडकीत आपल्या पक्षाची पिवळी फीत होती, आज विरोधकांची, टोरींची, निळी आहे. पिवळी धुवायला टाकली असावी.
एडगरचा निवडणूक एजंट पिकर्सगिल आला. म्हणाला, मास्तर, तुमच्यासारखा माणूस आपल्याच लोकांत वाया जातोय. टेकडीवर जा, तिथे सगळे टोरी, त्यांना ऐकवा कविता. माणसाला पारख आहे. हॅना म्हणाली, उशिरा का होईना, कळलं त्याला.

१० मार्च
टेकडीवर सहा घरं. चार ठिकाणी मालक घरी नव्हते. पडद्याआडून दिसत होते तेवढे. सतरा कडवी झाली.

१२ मार्च, मतदान. सकाळी ७
अठरावं कडवं अडलंय. एडगरच्या नावाला यमक सापडलं की निघतोच. मतपेटी रात्री आठपर्यंत उघडी आहे.

दुपारी १
सापडलं. जेवून जरा पडतो. हॅना म्हणाली, आधी मत टाकून ये बाबा. बायकांना मत नाही, म्हणून ही घाई.

संध्याकाळी ५.३०
विसावं कडवं पुरं, आणि पिकर्सगिल मोटार घेऊन दारात. मला मेजर डेन्बींकडे न्यायला आला, म्हणजे टोरींचा म्होरक्या. पिकर्सगिल म्हणाला, त्यांना आठपर्यंत सोडू नका, सगळं काव्य ऐकवा. काय मोटार! वाटेत मतदान केंद्र लागलं. लोकांना हात केला.

रात्री ८.३०
वीसच्या वीस वाचली. मेजर डोळे मिटून तल्लीन. आठचे ठोके पडले तसे उठले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, मास्तर, मी सकाळी आठलाच मत देऊन आलो होतो. पण आलात, बरं वाटलं, एकटाच असतो.
मन पालटलं असणार. जरा उशीर झाला, एवढंच.

१३ मार्च
एडगर पडला. एका मताने.
पिकर्सगिल सज्जाखाली वही उघडून बसला होता, आपलं कोण आलं नाही ते शोधत. मी म्हटलं, ऑकरॉइड असेल. मग त्याने वही फिरवून पहिलं पान माझ्यापुढे धरलं. यादीत पहिलं नाव माझं. पुढे मत दिल्याची खूण नाही.
घरी फीत काढली, काव्य खणात ठेवलं. हॅना चहा ओतत म्हणाली, मला मत असतं तर सकाळी आठला टाकून आले असते.
कुणाला, ते सांगेना.