दोन रेषांचा स्कोप

तुमचं म्हणणं मला अजून पुरतं पटलेलं नाही, बाबा. मशीन काहीही दाखवो, आवाज कानानंच पारखायचा, असं तुम्ही म्हणायचे आणि मी भांडायचो. सहावीत शाळा सोडून कारंज्याच्या तुमच्या लाउडस्पीकरच्या दुकानात बसलो, तेव्हापासून आपलं हे एकच भांडण. अमरावतीच्या एका दुकानात मी स्कोप पाहून आलो होतो. आवाजाची लाट हिरव्या रेषेनं काचेवर काढून दाखवतो तो. आठ दिवस तुमच्या मागं लागलो, तर तुम्ही एवढंच म्हणाले, "तुया कानाले कुलूप लागलं काय?" तुम्ही जाऊन सात वर्षं झाली, तरी हे वाक्य आठवलं की मी अजून उत्तर शोधत बसतो.

तर ऐका. इथं पुण्यात अॅम्प्लिफायर बनवायच्या कारखान्यात मी दोन वर्षं नुसतं तारांच्या जोडांना कथलाचे डाग द्यायचं काम केलं. मग साहेबांनी तपासणीच्या टेबलावर घेतलं, आणि मागच्या महिन्यात म्हणाले, "स्कोप घ्यायचाय. वापरायचा तुला आहे, तर तूच निवड. पण चुकलास तर परत डाग द्यायला बसशील." त्या बाकावर परत जायचं म्हणजे मी पुणंच सोडलं असतं. गावं सोडायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

दुकानात दोन स्कोप होते, किंमत जवळपास सारखीच. एक कोरा, मोठ्या काचेचा, वर्षाची गॅरंटी, पण त्यावर एकच रेषा. दुसरा कुठल्याशा प्रयोगशाळेतून काढून टाकलेला, बटणांवरचे आकडे पुसलेले, काच लहान, पण त्यावर दोन रेषा. दुकानदार नव्याकडेच बोट दाखवत होता. साहेबही तिकडेच झुकले होते. मी बरोबर एक अॅम्प्लिफायर नेला होता. आवाज वाढवला की चिरकायचा, म्हणून गिऱ्हाइकानं तो तीनदा परत पाठवलेला. नव्या स्कोपला लावला. लाटेचं डोकं सपाट कापलेलं दिसलं, स्वच्छ दिसलं. साहेब म्हणाले, "झालं की मग." आणि मी हो म्हणणारच होतो.

तेवढ्यात मला धनज गावातली जयंती आठवली. चार वाजता मिरवणूक निघायची आहे, कर्णे बैलगाडीवर बांधून झालेत, आणि आपला अॅम्प्लिफायर फाटक्या आवाजात बोलतोय. मी घाईघाईनं त्यातले काचेच्या नळ्यांचे व्हॉल्व्ह एकामागून एक बदलतोय. लोक भोवती जमलेत. तुम्ही माझा हात धरला. "काहून बदलून राह्यला बे? बिमारी कुठं हाय ते पाय आंधी."

"दिसत नाही त पाहू कसा? मशीन घ्या म्हटलं त घेत नाही तुमी."

त्यावर गर्दीतला एक म्हातारा म्हणाला, "पोरगं बापाले बिल देऊन राह्यलं," आणि सगळे हसले. तुम्हीही हसले. मग पेटीतून तो मिलिटरीचा जुना हेडफोन काढला. त्याच्या दोन्ही कानांच्या तारा तुम्ही वेगळ्या करून ठेवल्या होत्या. झटका बसू नये म्हणून मधे कंडेन्सर घालून एक तार अॅम्प्लिफायरच्या आत जाणाऱ्या आवाजाला लावली, दुसरी पुढच्या व्हॉल्व्हच्या पलीकडे, आणि हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. "डाव्या कानात जाते तो आवाज, उजव्यात येते तो. दोन्ही सारखे असले त पुढं सरक. नसले त चोर मधातच हाय." तिसऱ्या ठिकाणी उजवा कान फाटला. एक व्हॉल्व्ह बदलला, आणि मिरवणूक वेळेवर निघाली.

म्हणून दुकानात मी म्हणालो, थांबा. दुसऱ्या स्कोपला लावून पाहिलं. वरच्या रेषेत आत जाणारी लाट, खालच्या रेषेत बाहेर येणारी. वरची गोल, खालची कापलेली. खालची तार एकेक पायरी मागं नेत गेलो. एका ठिकाणी दोन्ही सारख्या झाल्या, म्हणजे चोर त्याच्या लगेच पुढं. दहा मिनिटं लागली. एका रेषेवर लाट कापलेली दिसते, पण ती आत येतानाच कापलेली होती की नाही ते कळत नाही. दुकानदारानं विचारलं, "शिकलात कुठं?" मी म्हणालो, कारंज्याला. "तिथं कॉलेज आहे?" मी म्हणालो, लाउडस्पीकरचं दुकान होतं.

साहेबांनी जुना घेतला. त्याची रेषा कधी कधी थरथरते, वरून एक थाप मारावी लागते. पण तो अॅम्प्लिफायर चौथ्यांदा परत आला नाही, आणि मी तपासणीच्या टेबलावरच आहे. डोळ्याला दिसायला पाहिजे, हे माझंच खरं. पण काय पाहायचं ते तुमचं. अर्धं भांडण तुम्ही जिंकले.

हा कागद तपासणीच्या रद्दी फॉर्मच्या मागं लिहिलाय, फायलीतच राहील. एक सांगायचं राहिलं. घर सोडून निघालो तेव्हा भाड्याला पैसे नव्हते, म्हणून तो हेडफोन मी अकोल्याला स्टेशनाबाहेर अकरा रुपयांना विकला. आईनं नंतर विचारलं, तेव्हा हरवला असेल म्हणालो. तिला दर महिन्याला चाळीस पाठवतो. या महिन्यात मनिऑर्डर केली आहे एक्कावन्न रुपयांची.