तळ

२ फेब्रुवारी १९५९

बंदरावरच्या बायांनो, तुमच्या डोक्यावरची पाटी सगळ्या गावाला चालते, पण तुमच्या घरातली एक चांगली वस्तू कुणाला चालत नाही.

गुरुवारी जेटीवर अशी सुरुवात करायची. पुढचं आपोआप येईल. राग आहे तेवढा पुरे.

घडलं ते असं. सुंदराबाई पाटी घेऊन दारोदार मासळी विकते. मुलीची सोयरीक कट्टा गावात ठरली, त्या दिवशी पाहुण्यांपुढे तिने निळ्या नक्षीच्या चिनी वाडग्यातून सोलकढी आणली. खोतांचा कारभारी त्या पंगतीत होता. दुसऱ्या दिवशी हवालदार दारात. खोतांचे सहा वाडगे होते, पाच उरलेत, आणि सुं. पूर्वी त्यांच्याकडे भात कांडायला जायची. झाला गुन्हा सिद्ध!

सुं. म्हणते, अकरा वर्षांपूर्वी किनाऱ्यावर ओढलेल्या रापणीच्या जाळ्यात आला. मासळीचे वाटे पडले तेव्हा नवऱ्याने बांगड्याऐवजी वाडगा उचलला, लोक हसले. नवरा आता नाही. रापणीवाले साक्ष द्यायला तयार आहेत, पण हवालदार म्हणतो, "ते सगळे तिचेच भावबंद."

म्हणजे माणसाची साक्ष चालत नाही. ठीक. वाडग्याचीच काढतो.

४ फेब्रु.

वाडगा हातात घेतला. ओंजळीपेक्षा मोठा, जड. आत एक पक्षी, बाहेर वेल. तळाशी निळ्या शाईत सहा अक्षरं, दोन रांगांत. वाचनालयातलं चिनी भांड्यांवरचं, मुखपृष्ठ हरवलेलं इंग्रजी पुस्तक काढलं. एक एक अक्षर ताडून पाहिलं. जुळलं! पाचशे वर्षांपूर्वीच्या चिनी बादशहाचा शिक्का. खोतांच्या आजोबांनी मुंबईत विकत घेतले ते फार तर शंभर वर्षांचे.

एकच दुःख. माझी मुख्य साक्ष सुं.ने धुऊन टाकली. वाडग्यावर बाहेरून जागोजागी समुद्रातल्या शिंपल्यांचा खरखरीत थर होता म्हणे. हवालदार पंचनाम्याला पुन्हा येणार म्हणून तिने तो दोन दिवस कोकमाच्या आंबट आगळात बुडवून ठेवला, मग काथ्याने घासला.

"सुंदरे, अगं तोच तर पुरावा होता!"

"सरकारी माणूस घराक येतलो, आणि मी असो खरजुलो वाडगो पुढे करू? माका लाज नाय?"

आमच्या लोकांना फाशी द्यायची झाली तर ते आधी न्हाऊन केस विंचरून येतील.

५ फेब्रु.

जेटीवर बोललो. पाऊण तास. पाचशे वर्षं, पाचशे वर्षं, असं तीनदा म्हटलं. बाया पाट्या खाली ठेवून ऐकत होत्या. परतताना सुं.ची मुलगी पहिल्यांदा मान वर करून चालली.

कट्ट्याहून, मुलाकडच्यांचा, मात्र निरोप आहे. निकाल लागेपर्यंत लग्नाच्या याद्या नकोत.

९ फेब्रु.

खोतांनी चहाला बोलावलं. गेलो. भिणारा नाही.

त्यांनी स्वतः कपाट उघडलं, एक वाडगा काढला, माझ्यासमोर उलटा धरला. "वाचा मास्तर. तुमचा तो बादशहा."

तीच सहा अक्षरं.

"चार दिवसांपूर्वी जेटीवर शिक्का शिक्का म्हणून ओरडलात ना? शिक्का सारखा, म्हणजे संच सारखा. तुम्ही शिकलेले. कशाला पडता या बायांच्या नादाला?"

मी चहा अर्धा टाकून उठलो. वाईट याचं की हा माणूस खोटं बोलत नाही. त्याचा सहावा वाडगा खरंच गेलेला आहे आणि हाच तो, असं त्याला मनापासून वाटतं. लबाडाशी भांडणं किती सोपं असतं.

१० फेब्रु.

जेटीकडे फिरकलो नाही. कुठल्या तोंडाने…

११ फेब्रु.

सुं. स्वतःच आली. पाटी ओट्यावर टेकवली.

"मास्तरानु, तुमी अक्षरां वाचून माझी चोरी पक्की केलास."

ती पुढे म्हणाली, "आता गप घरात बसान सुटाचा नाय. आगबोटीवरचो भिवा आसा, तेका इचारा. तो चीनाक जावन इलोहा." आणि जाता जाता दोन बोंबील ठेवून गेली. हरलेल्या माणसालाही जेवावं लागतं, हे तिला कळतं.

१२ फेब्रु.

भिवा बावीस वर्षं आगबोटीवर स्वयंपाकी होता. आता पडवीत बसून जाळी विणतो. शिक्क्याची नक्कल दाखवली तर दात नसलेल्या तोंडाने हसला.

"ह्यो शिक्को? हाँगकाँगच्या बाजारात टोपलीभर वाडग्यांर ह्योच! मी दुकानदाराक इचारलंय, काय रे, सगळे राजाचे? तो म्हणालो, न्हय, जुन्या राजाचो मान म्हणान घालतंव."

"मान म्हणून?"

"तुमी नातवाक आजोबाचा नाव ठेवतास ना? मगे नातू काय शंभर वर्साचो होता?"

पुस्तकात हेच होतं. पुढच्याच पानावर, बारीक टिपेत: नंतरच्या कारागिरांनी जुन्या राजवटींचे शिक्के सर्रास वापरले. मी शिक्का जुळल्याबरोबर पुस्तक मिटलं होतं.

१३ फेब्रु.

सगळं पुस्तक वाचलं, टिपांसकट. वय अक्षरात नसतं. ते पाहायचं वाडग्याच्या तळाशी, बैठकीच्या कडेवर, जिथे झिलई नसते आणि माती उघडी राहते. भट्टीतली वाळू चिकटली आहे का, कड तांबूस भाजली आहे का, निळा रंग एकसारखा आहे की कुठे दाट होऊन काळपट साचला आहे.

खोतांनी वाडगा माझ्या नाकासमोर उलटा धरला होता! कड कशी होती? आठवत नाही. मी वाचणारा माणूस. अक्षर दिसलं की बाकी आंधळा.

१४ फेब्रु.

सुं.चा वाडगा पंचनाम्यानंतर चावडीच्या कपाटात आहे. हवालदाराला म्हटलं, फक्त बघतो. त्याने दिला.

कडेला वाळूचे खडे, वितळून चिकटलेले. बोटाला टोचतात. माती तांबूस. निळा वेलीच्या वळणावर काळा पडलेला. झिलई आतबाहेर मंद, लाटांनी घासलेल्या काचेसारखी. एवढं सगळं चार तारखेलाही होतं.

आणि बैठकीच्या आत, अगदी कोपऱ्यात, पांढऱ्या वळवळत्या नळ्या. समुद्रातल्या किड्यांची घरं. नखाएवढी जागा. बुडाखाली हवा अडकली असावी, तिथे आगळ पोचलं नाही, काथ्या पोचला नाही.

धावत सुं.कडे. "खालून का नाही घासलंस?"

"खालसून कोण बगता?"

देवा, तुझ्या देवळात येत नाही मी, पण आज तुझे आभार.

१६ फेब्रु.

हवालदार शहाणा आहे. म्हणाला, "मास्तर, किड्यांचं मला पटतं. पण खोत म्हणतील चोरून समुद्रात टाकला, मग काढला. दोन्ही शेजारी ठेवून उलटे केले तर एका संचाचे आहेत की नाहीत ते मामलेदारांना डोळ्यांनी दिसेल. पुढच्या सोमवारी ते चावडीवर येतायत. त्यांचा एक आणा."

खोतांकडे गेलो. दारातच उत्तर. "एकदा दाखवला. माझी वस्तू मी चावडीवर न्यायची? आरोपी मी आहे का?"

"नाही. पण आरोप तुमचा आहे."

दार लावून घेतलं.

१९ फेब्रु.

पुन्हा गेलो. कारभाऱ्याने ओट्यावरूनच परतवलं. मामलेदार सक्ती करणार नाहीत, फिर्यादी मोठा. वाडगा आला नाही तर शिक्क्यावर निकाल. म्हणजे माझ्याच भाषणावर.

सुं.ला सांगितलं. तिने पाटीवरचं फडकं सारखं केलं. "खोतांकडे रोज सुरमय कोण घालता? आमीच ना?"

बस्स, एवढंच. मी पाऊण तास बोलून जे सांगू शकलो नाही ते.

२२ फेब्रु.

उद्या सोमवार. आज संध्याकाळी जेटीवर बोलायचं. लिहून ठेवतो, म्हणजे भरकटणार नाही.

बायांनो, या महिन्यात मी इथे उभा राहून पाचशे वर्षं म्हणालो. ते चूक होतं. शिक्का बघितला, वाडगा बघितला नाही. वाडगा जुना आहे, बहुधा तीनशे वर्षांचा, बहुधा. नक्की सांगणारा मी कोण? पण तो समुद्रातून आला, हे त्याच्या तळाला लिहिलंय, आणि तिथे माझी मखलाशी नाही. खोतांचा वाडगाही तसाच निघाला तर मी याच जेटीवर नाक घासून माफी मागेन. तुमची, त्यांचीही. पण बघायला तर मिळू दे! सुंदरेने घर धुतलं, वाडगा धुतला, आता तिने चारित्र्यही आगळात घालून धुवायचं का?

(सुं.ची मुलगी समोर असेल. तिच्याकडे बघून नाही बोलायचं. बायांकडे बघून.)

मग शेवटी एवढंच:

उद्या सकाळपासून खोतांच्या पायरीवर एकीचीही पाटी उतरता कामा नये, ते आपला वाडगा चावडीवर आणून सुंदरेच्या वाडग्याशेजारी उपडा ठेवीपर्यंत.